पाचटाचा कोळसा आणि झाकणाची फट

ऊसतोड झाली की दौंड, इंदापूर, बारामतीच्या पट्ट्यात फड पेटलेले दिसतात. कारणं ठरलेली: पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, जाळल्यावर कीड मरते आणि खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणारं पीक) जोमाने फुटतो. दुसऱ्या कारणात थोडं तथ्य आहे. पाचटाखालची जमीन थंड राहते, म्हणून फुटवे उशिरा दिसतात. पण त्याला बुडख्यांवरचं पाचट सरीत ओढणं पुरतं, काडी लावावी लागत नाही. किडीबरोबर तिला खाणारे मित्रकीटकही जळतात, आणि पाचटातला नत्र धुरावाटे निघून जातो. हा नत्र जेमतेम अर्धा टक्का असला, तरी हेक्टरी ८ ते १० टन पाचटात तो ४० ते ५० किलो भरतो, म्हणजे युरियाची दोन पोती.

खोडवा ठेवायचा असेल तर पाचट सरीतच कुजवावं, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, वर ओल, एवढा खर्च आहे. पण खोडवा मोडून दुसरं पीक घ्यायचं असेल तर शेतकऱ्याला रान लगेच मोकळं हवं असतं. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरं खातात, पाचटाचं कोरडं, धारदार पान खात नाहीत. मग काडीच लागते. अशा पाचटासाठी पुण्याच्या ‘आरती’ने, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने कोळशाची भट्टी विकसित केली. या कामाला २००२ साली ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

भट्टी दिसायला साधी. विटा-मातीचं गोल धुराडं, त्यात पत्र्याची उभी भांडी. भांड्यांत पाचट ठासून भरायचं, झाकणं लावायची आणि भांड्यांच्या भोवती मोकळं पाचट पेटवायचं. आतलं पाचट पेटत नाही, फक्त तापतं, कारण त्याला हवा मिळत नाही. खरी गंमत इथून पुढे आहे.

शंभर अंशांच्या आसपास आधी पाणी निघतं. मग पाचट ज्यांचं बनलेलं असतं ते तीन मुख्य पदार्थ मोडू लागतात. २०० ते ३०० अंशांच्या दरम्यान हेमिसेल्युलोज तुटतं, ३०० ते ४०० मध्ये सेल्युलोज. लिग्निन चिवट, ते बऱ्याच मोठ्या तापमानपट्ट्यात हळूहळू मोडतं आणि कार्बनचा मोठा वाटा तेच मागे ठेवतं. तुटलेल्या रेणूंचे हलके तुकडे वायू होऊन बाहेर पडतात: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन, डांबराची वाफ. हे सगळे ज्वालाग्राही आहेत. म्हणून झाकण हवाबंद नसतं, त्याला मुद्दाम फट ठेवतात. फटीतून निघालेला वायू बाहेरच्या आगीत पेटतो आणि त्याच भांड्याला तापवतो. एकदा हे चक्र लागलं की बाहेरून इंधन घालावं लागत नाही. पाचट स्वतःच्या वायूवर स्वतःला भाजून घेतं. साध्या मातीच्या भट्टीत हाच वायू धूर होऊन वाया जातो आणि उष्णतेसाठी लाकडाचाच बराच भाग जाळावा लागतो.

मग फटीतून हवा आत का शिरत नाही? कारण वायू जोरात बाहेर येत असतो, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त असतो. पण भाजणं संपलं की वायू थांबतो, भांडं थंड होऊ लागतं, आतला वायू आकुंचन पावतो आणि तीच फट हवा आत ओढू लागते. आत असतो लालबुंद कोळसा. बहुतेक घाणे इथे बिघडतात. फटीवरची ज्योत विझताच भांडी बाहेर काढून फट ओल्या मातीने लिंपायची, किंवा कोळसा झाकणबंद पिंपात ओतायचा. दहा मिनिटं उशीर झाला की वरचा थर पांढरा पडतो. उलट घाई केली, ज्योत चालू असतानाच भांडं काढलं, तर पाचट तपकिरी राहतं आणि त्याचा कोळसा चुलीत धूर करतो. निवलेला कोळसाही लगेच पोत्यात भरू नये. ताजा कोळसा हवेतला ऑक्सिजन शोषताना तापतो आणि ढिगात आपोआप पेटू शकतो. उघड्यावर पातळ पसरून एक दिवस ठेवावा.

ओलं पाचट हा दुसरा शत्रू. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी जातात, आणि ती वाफ वायूत मिसळून ज्योतही मंद करते.

आता हिशेब. भांड्यातल्या १०० किलो कोरड्या पाचटाचा साधारण ३० किलो कोळसा होतो. पाचटात ८ किलो राख असेल तर ती कुठेही जात नाही, त्या ३० किलोंतच बसते. म्हणजे कोळशात पाव हिश्श्याहून जास्त राख! म्हणून हा कोळसा किलोला ५,००० किलोकॅलरीच्या आसपास देतो, चांगला लाकडी कोळसा ७,००० देतो. ‘लाकडी कोळशाला पर्याय’ अशा जाहिराती वाचताना एवढा भागाकार करावा. पाचट गोळा करताना माती आली की आकडा आणखी घसरतो. हेक्टरी १० टनांपैकी ३ टन भांड्यांभोवती जळाले असं धरलं, तर हाती २ टनांच्या आसपास कोळसा येतो. पाचट हलकं आणि फुगीर, वाहतुकीला महाग. म्हणून भट्टी फडाजवळच बांधायची, पाचट लांबच्या भट्टीकडे न्यायचं नाही.

पाचटाचा कोळसा भुकटीच्या रूपात मिळतो. त्या भुकटीच्या कांड्या करायला खळ लागते, कारण लाकूडभुशाच्या ठोकळ्याला चिकटवणारं लिग्निन इथे आधीच मोडून त्याचा कोळसा झालेला असतो. १०० किलो भुकटीला ५ किलोंच्या आसपास स्टार्च पाण्यात शिजवून घालायचा. कच्चा कालवला तर कांडी सुकल्यावर भुरभुरते, जास्त झाला तर धूर येतो. कांड्या उन्हात दोन-तीन दिवस सुकवायच्या. आत ओल राहिली तर पेटताना तडकतात.

१०० ग्रॅम कांडी कोळसा म्हणजे ५०० किलोकॅलरी. डाळ, तांदूळ, भाजी आणि पाणी मिळून दीड किलो धरलं, तर ते उकळीला आणायला सव्वाशेसुद्धा लागत नाहीत. बाकी उष्णता वाफेत आणि हवेत उडते. त्यामुळे झाकणाच्या, वाफेवर शिजवणाऱ्या ‘सराई’सारख्या कुकरमध्ये शंभर-दीडशे ग्रॅममध्ये स्वयंपाक होतो, उघड्या पातेल्यात होत नाही. कोळसा धूर करत नाही, तरी शेगडी बंद खोलीत मात्र कधीच पेटवू नये. धूर नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच, आणि त्याला वास नसतो.