कुटुंबासह ग्रीसच्या बेटावर : नाक्सोसचा बेत आखण्यापूर्वी

ग्रीसच्या बेटांविषयी चौकशी करणारी बहुतेक कुटुंबे सॅंटोरिनी आणि मिकोनोस ही दोन नावे मनात धरून येतात, आणि आठ दिवसांत अथेन्ससह ही दोन्ही बेटे व्हावीत अशी त्यांची अपेक्षा असते. तसा कार्यक्रम आखणे अशक्य नाही. परंतु बरोबर लहान मुले किंवा वयस्कर मंडळी असतील, तर आम्ही तो सुचवत नाही. अशा कुटुंबांनी एकच बेट निवडावे, तेथे किमान पाच रात्री एकाच जागी मुक्काम करावा आणि परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्सला येऊन थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणे आणि तयारीचे तपशील या पत्रकात दिले आहेत.

बेट बदलणे नकाशावर सोपे दिसते. प्रत्यक्षात सकाळी खोली सोडायची, बोट दुपारची असेल तर तोवर सामानासह कोठेतरी वेळ काढायचा, बंदरावर उन्हात उभे राहायचे, बोट लागली की मोटारी आणि मालट्रकांच्या गर्दीतून बॅगा ओढत आत शिरायचे आणि पलीकडे उतरल्यावर पुन्हा नवे हॉटेल गाठायचे, यात एक अख्खा दिवस संपतो. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटेच थांबते, त्यामुळे उतरणाऱ्यांना आधीपासूनच खालच्या मजल्यावर सामानासह तयार राहावे लागते. झोपेतून उठवलेले मूल कडेवर आणि गुडघे दुखणारी आजी शेजारी, अशा अवस्थेत हे एकदा निभावते; सहा दिवसांत तीनदा केल्यास सुट्टीचा आनंद उरत नाही.

कोणते बेट

सॅंटोरिनी देखणे आहे, यात वाद नाही. साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकात बेटाचा मधला भाग खचला, त्या विवरात समुद्र शिरला, आणि आज फिरा व इया ही पांढरी गावे त्याच विवराच्या कड्यावर उभी आहेत. छायाचित्रांतील सौंदर्य या कड्यामुळे आहे आणि कुटुंबांची अडचणही त्याच्याचमुळे आहे. गावांत जागोजागी पायऱ्या आहेत, बाबागाडीचा उपयोग होत नाही, जुन्या बंदरातून फिरा गावात येण्यासाठी सुमारे ६०० पायऱ्या चढाव्या लागतात किंवा केबल कारच्या रांगेत उभे राहावे लागते, आणि विवराकडे तोंड असलेली अनेक हॉटेले लहान मुलांना घेतच नाहीत. पोहण्याचे मुख्य किनारे बेटाच्या दुसऱ्या बाजूला असून तेथील वाळू काळी आहे. दुपारी ती अनवाणी पायांना सोसवत नाही.

याच्या तुलनेत नाक्सोस हे कुटुंबासाठी अधिक सोयीचे बेट आहे. किक्लादेस द्वीपसमूहातील हे सर्वांत मोठे बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर आहे. येथे शेती आणि गुरे आहेत; येथील बटाटे आणि ग्राविएरा हे चीज ग्रीसभर नावाजलेले आहे, आणि पर्यटकांशिवायही बेटाचे स्वतःचे आयुष्य चालू असते, जे मिकोनोसविषयी तितकेसे म्हणता येत नाही. खोरा या बंदराच्या गावातून चालत जाता येईल इतक्या जवळ आयिओस गेओर्गिओस हा उथळ किनारा आहे. त्याच्या दक्षिणेला आयिओस प्रोकोपिओस, आयिआ आन्ना आणि प्लाका हे वाळूचे किनारे ओळीने लागतात, आणि उन्हाळ्यात तेथपर्यंत गावातून बस जाते.

कोकणात भरती-ओहोटीची वेळ विचारूनच पाण्यात उतरणाऱ्या आपल्या लोकांना एजियन समुद्र वेगळा वाटेल, कारण तेथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. मात्र पाणी आपल्यापेक्षा बरेच गार असते आणि खडकाळ जागी काटेरी समुद्री अर्चिन असतात, म्हणून मुलांसाठी रबरी तळाचे पाण्यातले बूट येथूनच न्यावेत.

समुद्राचा कंटाळा आल्यास बेटावर पाहण्यासारखे पुष्कळ आहे. बंदरालगतच्या टेकाडावर अपोलोच्या मंदिराची पोर्तारा ही संगमरवरी चौकट उभी आहे. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात काम सुरू झालेले हे मंदिर कधीच पूर्ण झाले नाही, आणि आता लोक सूर्यास्ताला या पोर्ताराशी जमतात. गावाच्या माथ्यावर व्हेनिसच्या मार्को सानुदोने तेराव्या शतकात उभारलेला किल्ला आहे. आतल्या भागात हाल्की, फिलोती आणि संगमरवरी गल्ल्यांचे आपेरान्थोस ही गावे, सांग्रीजवळचे देमेतेर या धान्यदेवतेचे मंदिर, आणि सुमारे १,००० मीटर उंचीचा झास हा डोंगर आहे. झ्यूस देवाचे बालपण या डोंगरावर गेले, असे तेथील दंतकथा सांगते. उत्तरेला अपोलोनास येथील जुन्या खाणीत १० मीटरांहून लांब असा एक अर्धवट कोरलेला पुतळा आजही जागेवरच आडवा पडून आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलांना मंदिरांपेक्षा हा पुतळा अधिक आवडेल, असे आमचे मत आहे.

इतिहासाची विशेष ओढ असलेल्या आणि दहा दिवस काढू शकणाऱ्या कुटुंबांनी क्रीटचा विचार करावा. तेथे विमानाने थेट उतरता येते आणि हेराक्लिओनजवळ क्नोसोसचा प्राचीन राजवाडा आहे, पण बेट सुमारे २६० किलोमीटर लांब असल्याने मोटारीशिवाय तेथे निभाव लागत नाही. दीर्घ बोटप्रवास ज्यांना अजिबात सोसत नाही, त्यांच्यासाठी अथेन्सच्या पिरेयस बंदरातून जलद बोटीने पाऊण तासाच्या आत येणारे, पिस्त्यांच्या बागांचे एगिना हे बेट पुरेसे आहे.

केव्हा जावे

येथे आपल्या शाळांचे आणि ग्रीसच्या हंगामाचे वेळापत्रक पूर्णपणे जुळत नाही. बेटांवरील हंगाम साधारणपणे मेपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालतो. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरमध्ये आली, तर दिवाळीच्या सुट्टीत बेटावरची बरीच हॉटेले बंद होत असतात आणि बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात. त्या वेळी बेट सुचवणे आम्हाला योग्य वाटत नाही. राज्य मंडळाच्या शाळांची उन्हाळी सुट्टी मात्र उपयोगी पडते. मेच्या मध्यास समुद्राचे पाणी १९-२० अंशांच्या आसपास असते, म्हणजे मुले उतरतील आणि आई-वडील काठावर बसतील; जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ते पोहण्याजोगे होते, गर्दी अजून वाढलेली नसते आणि दिवस मोठा असतो. आमच्याकडून प्रथम याच पंधरवड्याची शिफारस केली जाते.

जुलै आणि ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्टेमी हा उत्तरेचा कोरडा वारा वाहतो. आकाश निरभ्र असते, ऊनही सुसह्य होते, पण वारा कधी कधी सलग काही दिवस इतका वाढतो की तटरक्षक दल बोटी बंदरातच थांबवून ठेवते. वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मोजपट्टीवर वारा ८ च्या घरात गेला की ही शक्यता असते. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्सला असावे, हा आमचा आग्रह त्यामुळेच आहे. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ग्रीसमध्ये त्याच दिवशी मेरीमातेचा मोठा सण असतो, आणि त्या आठवड्यात बोटी व खोल्या बऱ्याच आधी भरून गेलेल्या असतात.

पोहोचणे

मुंबईहून थेट विमान सोयीच्या तारखेला मिळाल्यास उत्तम, अन्यथा आखाती देशांत किंवा इस्तंबूलला एक थांबा घेऊन अथेन्स गाठावे लागते. उन्हाळ्यात ग्रीसचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. अथेन्सहून नाक्सोसला छोटे विमान जाते, परंतु त्यात जागा थोड्या असतात आणि सामानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय विमानापेक्षा कमी असू शकते. बहुतेक कुटुंबांना आम्ही पिरेयस बंदरातून बोटीने पाठवतो. विमानतळावरून मेट्रोची तिसरी मार्गिका आता थेट बंदरापर्यंत जाते.

मोठी साधी बोट नाक्सोसला सुमारे पाच ते साडेपाच तासांत पोहोचते आणि जलद बोट साडेतीन ते चार तासांत. जलद बोट महाग असते, तीत उघड्या डेकवर फारसे फिरता येत नाही आणि वाऱ्यात ती अधिक हलते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी दीड तास वाचवण्यासाठी ती घेऊ नये. पाच वर्षांखालील मुलांना सहसा भाडे पडत नाही, तरीही त्यांच्या नावाचे तिकीट काढावे लागते. पाच ते दहा वर्षांच्या मुलांना साधारणपणे निम्मे भाडे असते.

व्हिसा आणि कागदपत्रे

ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा, व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान १५ दिवस आधी व्हावा लागतो. तथापि मे-जूनच्या प्रवासासाठी भेटीची वेळ मिळणे कठीण होते, म्हणून फेब्रुवारीतच कागद जमवावेत. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. जून २०२४ पासून व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ४५ युरो आहे, त्याहून लहानांना शुल्क नाही. अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे द्यावे लागते. अल्पवयीन मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांची संमती लागते, त्यामुळे एक पालक परदेशी नोकरीला असेल तर ही बाब आम्हाला आधीच कळवावी. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमांवर शिक्क्याऐवजी छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेऊन संगणकीय नोंद करण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने लागू झाली आहे. रांगेला वेळ लागू शकतो, हे गृहीत धरून दुपारनंतर उतरणाऱ्या कुटुंबांसाठी आम्ही त्याच दिवशीची बोट घेत नाही.

मुक्काम, जेवण, फिरणे

चार जणांच्या कुटुंबाला हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा छोट्या स्वयंपाकघराची सोय असलेली जागा परवडते आणि सोयीचीही पडते. मुक्कामाच्या ठिकाणी सरकारी हवामान शुल्क वेगळे भरावे लागते. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात ते हॉटेलच्या दर्जानुसार दर खोलीमागे दर रात्री २ ते १५ युरो असते आणि आमच्या पॅकेजमध्ये धरलेले नसते. जुन्या इमारतींतील सांडपाण्याचे नळ अरुंद असल्याने शौचालयातील कागद शेजारच्या डब्यात टाकावा लागतो. पाणी बाटलीचेच प्यावे.

शाकाहारी मंडळींची चिंता आम्हाला वारंवार ऐकू येते. ती आहे त्याहून मोठी वाटते. टोमॅटो आणि ढोबळी मिरचीत भात भरून भाजलेले गेमिस्ता, मोठ्या पांढऱ्या वालांचे यिगांदेस, पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, भाज्यांचा ब्रियाम आणि पालकाची स्पानाकोपिता हे पदार्थ साध्या खाणावळीतही मिळतात. गेमिस्तात कधी खिमाही असतो, म्हणून विचारून घ्यावे. ग्रीक ऑर्थोडॉक्स उपवासाच्या जेवणाला निस्तीसिमो म्हणतात. त्यात मांस, अंडी आणि दूध नसते, पण कोळंबी आणि माकुल चालतात, हे विसरू नये. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वयंपाकघराची जागाच घ्यावी, कारण कांद्याशिवायचे जेवण तेथे सहज मिळत नाही.

डोंगराकडील गावांसाठी एक-दोन दिवस मोटार भाड्याने घेणे पुरेसे आहे. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो, वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि मुलांसाठी आसन आधी सांगून ठेवावे लागते. चार चाकांच्या उघड्या मोटारसायकली भाड्याने मिळतात; वळणाच्या आणि उताराच्या रस्त्यांवर मुलांना घेऊन त्या चालवू नयेत. आपत्कालीन मदतीचा क्रमांक ११२ आहे.

परदेश सहलीच्या पॅकेजवर आम्हाला नियमाप्रमाणे टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच गोळा केला जाणारा कर, घ्यावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात आपल्या नावे जमा धरला जातो. पहिल्या भेटीस येताना सर्व प्रवाशांच्या पासपोर्टच्या प्रती, मुलांच्या जन्मतारखा, शाळेच्या सुट्टीच्या तारखा आणि घरातील ज्या व्यक्तीला जिने चढण्याचा किंवा बोटीचा त्रास होतो तिची माहिती आणावी; बेट आणि मुक्कामाची जागा आम्ही त्यानंतरच सुचवतो.