रेंज फुल, तरी नेट रखडलेलं: गर्दी की इंटरफेरन्स?

फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि व्हिडिओ मात्र अडकलाय. अशा वेळी बहुतेक जण म्हणतात, 'टॉवरवर लोड आलाय.' कधी ते खरं असतं. पण कधी दोष शेजारच्या टॉवरच्या सिग्नलच्या लुडबुडीचा, म्हणजे इंटरफेरन्सचा असतो. लक्षण एकच, दुखणी दोन. आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

आधी गर्दी. फोरजीत टॉवर आपली फ्रिक्वेन्सी छोट्या तुकड्यांत वाटतो. एक रिसोर्स ब्लॉक म्हणजे १८० किलोहर्ट्झची पट्टी, अर्ध्या मिलिसेकंदापुरती. २० मेगाहर्ट्झच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे टॉवर वापरतो त्या फ्रिक्वेन्सीच्या सलग पट्ट्यात, अशा १०० पट्ट्या शेजारीशेजारी बसतात. त्या कुणाला द्यायच्या, हे टॉवरमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला नव्यानं ठरवतो. फोन पाच असोत की दोनशे, पट्ट्या शंभरच. मागणारे वाढले की पाळी उशिरा येते. सिग्नल मात्र स्वच्छ असू शकतो.

इंटरफेरन्समध्ये पाळी येते, ब्लॉकही मिळतात, पण त्यातून आलेलं फोनला नीट ऐकू येत नाही. जीएसएममध्ये, म्हणजे जुन्या टूजीत, लगतच्या सेलना (टॉवरचा एक अँटेना सांभाळतो तो भाग म्हणजे सेल) वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी वाटून देत. फोरजीत सहसा प्रत्येक सेल तीच पूर्ण फ्रिक्वेन्सी वापरतो. त्यामुळे दोन सेलच्या सीमेवरच्या फोनला दोघांचेही आवाज जवळजवळ सारख्याच जोरानं येतात. काड्या प्रामुख्यानं आवाज किती मोठा एवढंच सांगतात, तो किती स्पष्ट आहे ते नाही.

स्पष्टपणा मोजतो तो एसआयएनआर, म्हणजे आपला सिग्नल एकीकडे आणि इंटरफेरन्स अधिक नॉइज (इतर खरखर) दुसरीकडे, यांचं गुणोत्तर. गणितज्ञ क्लॉड शॅनननं १९४८ साली मांडलेल्या सूत्रात हा आकडा घालून बघा. २० डीबीला, म्हणजे आपला सिग्नल गोंगाटाच्या शंभरपट असताना, १८० किलोहर्ट्झच्या पट्टीतून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १.२ मेगाबिट जाऊ शकतात. ० डीबीला, म्हणजे आपला आवाज आणि गोंगाट बरोबरीला आल्यावर, फक्त ०.१८. म्हणजे सीमेवरच्या फोनला तोच व्हिडिओ पोचवायला साडेसहापट पट्ट्या खर्ची पडतात! हे मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: इंटरफेरन्स स्वतःच गर्दी तयार करतो.

उपायांतही हाच पेच आहे. गर्दीवर नवा कॅरिअर किंवा नवा सेल हा सरळ उपाय. पण त्याच फ्रिक्वेन्सीवर नवा सेल उभारला की पट्ट्या वाढतात तशा सीमाही वाढतात. 'पॉवर वाढवा' ही सूचना तर दोन्हीकडे फसते. पट्ट्यांची संख्या त्यानं वाढत नाही, आणि सगळ्याच टॉवरनी पॉवर दुप्पट केली तर गुणोत्तर जवळपास तिथल्या तिथंच राहतं.

इंटरफेरन्सवर अँटेना थोडा खाली झुकवतात, किंवा शेजारचे सेल आपापल्या सीमेवरच्या फोनना वेगवेगळ्या पट्ट्या देतात. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या रिलीज १० मध्ये आणखी एक युक्ती आली: छोट्या सेलच्या सीमेवरचे फोन सुटावेत म्हणून मोठा सेल ठरावीक मिलिसेकंदांत आपला डेटा पाठवणंच थांबवतो. शेजाऱ्याला ऐकू यावं म्हणून स्वतःच्या वाट्यातलं सोडायचं. मोठा सेल स्वतःच आधी भरलेला असेल, तर हा सौदा महागात पडतो.

मग ओळखायचं कसं? 'रात्री नेट पळतं, म्हणजे दिवसा गर्दी' हा तर्क पुरेसा नाही. रात्री शेजारचे सेलही कमी बोलतात, त्यामुळे इंटरफेरन्सही उतरतो. त्यापेक्षा नेट रखडलेलं असतानाच फोनच्या सर्व्हिस मोडमध्ये किंवा सिग्नल दाखवणाऱ्या ॲपमध्ये दोन आकडे बघा. आरएसआरपी, म्हणजे टॉवरच्या सिग्नलचा जोर, उणे ७५ डीबीएमच्या आसपास आणि एसआयएनआर २० असेल, तर हवेतला सिग्नल चांगला आहे. गर्दीचा, नाहीतर टॉवरच्या मागच्या लिंकचा संशय घ्या. आरएसआरपी तेवढाच आणि एसआयएनआर १-२ वर घुटमळत असेल, तर इंटरफेरन्स. मग चार पावलं सरकून किंवा भिंतीचा आडोसा घेऊन बघा. आरएसआरपी थोडा पडूनही एसआयएनआर वर गेला, तर काड्या कमी होतील आणि व्हिडिओ चालू लागेल.