एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि आर.सी.आय.मान्य प्रशिक्षण: फॉर्म भरण्याआधी हा फरक समजून घ्या

बी.ए.चा निकाल लागला की मानसशास्त्राच्या मुलांची फॉर्म भरायची धावपळ सुरू होते, आणि त्या धावपळीत एक गैरसमज हमखास होतो. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ केलं की आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असं मुलं धरून चालतात. घरचेही नातेवाइकांना तसंच सांगतात. दोन वर्षं जातात, फी भरली जाते, आणि मग एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या जाहिरातीत ‘आर.सी.आय. नोंदणी आवश्यक’ ही ओळ दिसते. तोवर कोणी ती दाखवलेलीच नसते. मुलं हुशार असतात, कष्टाळू असतात. त्यांना वेळेवर माहिती मिळत नाही, एवढीच अडचण असते. म्हणून या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहू.

एम.ए. ही विद्यापीठाची पदवी आहे. तिच्या नावात ‘क्लिनिकल’ असतं, कारण तुम्ही ते विषय विशेष म्हणून घेतलेले असतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करण्याचा परवाना मात्र विद्यापीठ देत नाही. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडून, म्हणजे आर.सी.आय.कडून मिळतो. १९९२च्या आर.सी.आय. कायद्यानुसार परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव असेल तरच या पदावर सरकारी नोकरी करता येते, व्यवसाय करता येतो, कायद्याने लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येते आणि न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येते. नोंदणीशिवाय हे केलं तर एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या करताना आर.सी.आय.ची मान्यता हीच अट ठेवली आहे. आर.सी.आय.ची मान्यता नसलेली नुसती एम.ए. त्या व्याख्येत बसत नाही.

हा फरक फक्त कागदाचा असता तर मी एवढं तळमळीने लिहिलं नसतं. शिकवण्याची पद्धतच वेगळी आहे.

एम.ए.चं प्रात्यक्षिक आठवा. शेजारच्या बाकावरची मैत्रीण ‘सब्जेक्ट’ म्हणून बसते, तुम्ही तिला चाचणी देता, स्कोअरिंग करता, जर्नलमध्ये उद्दिष्टापासून निष्कर्षापर्यंत सगळं सुवाच्य अक्षरात लिहिता आणि एक्स्टर्नल येण्याआधी सही घेता. यातून चाचणीची रचना कळते, आकडेवारीची भीती जाते, सिद्धान्त पक्के होतात. हे शिक्षण मोलाचं आहे आणि त्याशिवाय पुढे जाताच येत नाही. पण मैत्रीण आजारी नसते. काही विभाग इंटर्नशिपला रुग्णालयात पाठवतात, तिथेही बहुतेक वेळ कोपऱ्यात बसून पाहण्यात जातो.

आर.सी.आय.मान्य प्रशिक्षणात पहिल्या महिन्यापासून समोर खरा माणूस असतो. ओ.पी.डी.त रुग्ण येतो, सोबत आई किंवा भाऊ. तुम्ही तास-दीड तास बसून केस हिस्टरी घेता: त्रास कधी सुरू झाला, हळूहळू की एकदम, भूक कशी, झोप कशी, घरात आधी कोणाला असं झालं होतं का. मग ती वरिष्ठांपुढे मांडता. तुम्ही म्हणता, ‘झोप कमी झाली आहे.’ वरिष्ठ विचारतात, ‘झोप येत नाही म्हणून तो तळमळतो, की दोन तास झोपूनही सकाळी ताजातवाना असतो?’ तुम्ही विचारलेलंच नसतं. उठून परत जावं लागतं. पहिलं उत्तर उदासीनतेकडे किंवा चिंतेकडे बोट दाखवतं, दुसरं उन्मादाकडे, आणि दोघांचे उपचार वेगळे. हा प्रश्न पुस्तकात छापलेला असतोच, पण विचारायची सवय कोणीतरी असं परत पाठवल्यानेच लागते. एम.फिल. या आजवरच्या मुख्य आर.सी.आय.मान्य, दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी मनोनिदानाचे आणि दुसऱ्या वर्षी मानसोपचाराचे संपूर्ण लिहिलेले केस रेकॉर्ड सादर करावे लागतात, त्यावर तोंडी परीक्षा होते आणि शिवाय प्रबंध असतो.

या जबाबदारीचं वजनही लक्षात घ्या. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या प्रमाणपत्रासाठी बुद्ध्यंक चाचणी लागते. बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरात आहे, व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. अशा अहवालातल्या आकड्यांवर त्या कुटुंबाच्या सवलती अवलंबून असतात. मूल त्या दिवशी तापातून उठलेलं होतं का, प्रश्न त्याच्या घरच्या बोलीत विचारला गेला का, हे पाहण्याचं भान देखरेखीखालीच येतं.

आता सध्याचा गोंधळ. आजवर या परवान्याचा मुख्य रस्ता एम.ए.नंतर एम.फिल. हाच होता: बंगळुरूची निम्हान्स, रांचीजवळ कांके इथली केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था, दिल्लीची इहबास, आणि आपल्याकडे पुण्याची महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्था. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. बंद करायचं ठरवलं आणि यू.जी.सी.च्या २०२२च्या नियमांनी ते अमलात आणलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला मात्र जानेवारी २०२४मध्ये मुदतवाढ मिळाली, ती २०२५-२६च्या प्रवेशांपर्यंत. म्हणजे रचना बदलते आहे, अभ्यासक्रमांची नावंही बदलताहेत. एम.ए.नंतर एक वर्षाचा प्रोफेशनल डिप्लोमा आणि चार वर्षांची साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट, हेही आर.सी.आय.चे मार्ग राहिले आहेत. अशा काळात जुन्या सीनियरने सांगितलेला रस्ता तसाच धरू नका. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्य संस्थांची यादी असते, ती स्वतः उघडून पाहा.

मग प्रत्येकाने क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच व्हावं का? अजिबात नाही, आणि इथे मला मुलांशी थोडं भांडायचं आहे. समुपदेशन म्हणजे ‘क्लिनिकल न जमलेल्यांचं’ क्षेत्र, असं वर्गात कुजबुजलं जातं. ते अन्यायाचं आहे. शाळेतला समुपदेशक, महाविद्यालयातला, एच.आय.व्ही. केंद्रातला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन उचलणारा, हे सगळे अशा माणसांना आधार देतात जी मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत कधी जाणारच नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री घाबरलेल्या मुलीला मनोनिदानाची गरज नसते, नीट ऐकणाऱ्या प्रशिक्षित माणसाची असते. हे काम करायचं असेल तर समुपदेशनाचं चांगलं एम.ए. आणि त्यानंतर अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम, हा सरळ मार्ग आहे. क्लिनिकल सोडून इतर मानसशास्त्रज्ञांना २०२१च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात स्थान दिलं आहे, तेव्हा तिथेही पुढे नोंदणी येणार हे धरून चाला. तीव्र मनोविकार, मेंदूच्या इजा, अपंगत्वाचं मूल्यमापन, ठाणे किंवा येरवड्यासारख्या मनोरुग्णालयातलं काम ओढत असेल, तर मात्र आर.सी.आय.ला पर्याय नाही. गोळ्या लिहून देणं या दोघांचंही काम नाही, ते डॉक्टरचं काम आहे. मनोविकारतज्ज्ञ व्हायचं तर एम.बी.बी.एस. करून मनोविकारशास्त्रात एम.डी.सारखं पदव्युत्तर शिक्षण घ्यावं लागतं.

तयारीही एकसारखी नसते. एम.ए.च्या प्रवेशासाठी बी.ए.चा पाया हवा: संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, व्यक्तिमत्त्व, विकास, सामाजिक मानसशास्त्र. सी.यू.ई.टी. पी.जी. ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसह अनेक ठिकाणी लागते. बहुपर्यायी प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांचे नियम वेगळे, तारखाही वेगळ्या. संख्याशास्त्र टाळणारे इथेच मागे पडतात.

एम.फिल.सारख्या प्रवेशाला एम.ए.मध्ये साधारण ५५ टक्के लागतात, राखीव गटांना सवलत असते. जागा थोड्या आणि अर्ज खूप. लेखी परीक्षेत मनोविकृती, चाचण्या आणि मेंदूचं शास्त्र यांवर भर. मुलाखतीत तुमच्याच एम.ए. प्रबंधावर खोदून विचारतात. दूरशिक्षणातून एम.ए. करणाऱ्यांनी तर ज्या संस्थेत पुढे जायचं आहे तिची पात्रतेची अट आधी वाचावी, मग प्रवेश घ्यावा.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक सांगतो. परीक्षेचं इंग्रजी सरावाने जमतं. वॉर्डात समोरची बाई ‘डोकं गच्च होतं, जीव घाबराघुबरा होतो, घरचे म्हणतात बाहेरचं आहे’ असं सांगते तेव्हा तिला न दुखावता तिचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणं तुम्हाला इतरांपेक्षा सोपं जातं. एम.ए.ला असतानाच घरी एखाद्या मावशीची, काकांची, त्यांच्या परवानगीने, साधी जीवनकथा क्रमाने लिहून काढायचा सराव करा. मुलाखतीत तो दिसतो.

आणि पैशांचं. सरकारी संस्थांत फी कमी, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळतं. खासगी विद्यापीठांत हाच अभ्यासक्रम काही लाखांना जातो. फी भरण्याआधी संस्थेकडे आर.सी.आय.चं मंजुरीपत्र मागा आणि त्यावर अभ्यासक्रमाचं नाव व तुमच्या प्रवेशाचं वर्ष आहे का ते पाहा, कारण मंजुरी ठरावीक वर्षांपुरती असते. ‘प्रस्ताव पाठवलाय, लवकरच येईल’ असं उत्तर मिळालं, तर मंजुरी येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.