पडद्यामागची परळी

मामांना शुगर निघून ११ वर्षं झाली. गोळ्या वेळेवर, चहा बिनसाखरेचा. डोळ्यांचा विषय काढला की मात्र ठरलेलं उत्तर: "स्टँडवर लांबून एसटीची पाटी वाचतो मी. डोळ्यांना काय धाड भरलीय?" दिवाळीनंतर बळंच अंबाजोगाईला नेलं. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मग बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, पेपरातलं अक्षर दिसेना, तर माझ्यावरच उखडले. आणि डोळ्याच्या आतल्या पडद्यावर बारीक लाल ठिपके निघालेच.

हे ठिपके म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांना आलेले फुगवटे. मधुमेहात डोळा जातो तो रक्तवाहिन्यांमुळेच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण डोळ्याचा पडदा मुळात चेतापेशींचा, मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना मधुमेही उंदरांच्या पडद्यात महिन्याभरातच चेतापेशी मरताना दिसल्या.

का मरतात? शाळेत ‘तंतुकणिका’ म्हणून घोकलेल्या मायटोकॉन्ड्रिया हे पेशीतलं थर्मल, म्हणजे परळीसारखं वीज केंद्र. पडद्याची विजेची भूक दांडगी, आणि गंमत म्हणजे अंधारात ती आणखी वाढते. प्रकाश नसला की पडद्यातल्या दंडपेशींत (अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी) सोडियम झिरपत राहतं, ते उपसायला पंप अखंड चालवावे लागतात. रात्रीच्या लाईटवर मोटार चालवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको! पडद्यातून मेंदूकडे निघणाऱ्या सुमारे १० लाख तंतूंचे हाल वेगळे. डोळ्याच्या आत त्यांच्यावर वायरीसारखं आवरण नसतं, त्यामुळे संदेश पुढे ढकलायला जास्त ऊर्जा लागते.

२०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं थर्मल बंद पडलं होतं. इंधन असलं म्हणजे वीज असतेच असं नाही. मधुमेहात तर इंधनच उरावर बसतं. पडद्याच्या पेशींत शिरायला साखरेला इन्सुलिन लागत नाही. रक्तात वाढली की आतही वाढली. भट्टीत कोळसा कोंबत राहिल्यावर ठिणग्या उडाव्यात तसे इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड नावाचं पेशीला जाळणारं रसायन तयार होतं. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा, अवघ्या ३७ जनुकांचा डीएनए या भट्टीला लागूनच असतो. तो होरपळला की नवे भाग सदोष बनतात आणि ठिणग्या वाढतात. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायची सोय पेशीत आहे, पण ती मागे पडते. शेवटी मायटोकॉन्ड्रियाच फुटून पेशीला मरणाचा निरोप धाडते.

मेडिकलवर ‘नसांची ताकद’ म्हणून मिळणाऱ्या महागड्या कॅप्सूलवर माझा भरवसा नाही. प्राण्यांवर चाललेली अँटिऑक्सिडंट, म्हणजे असल्या ठिणग्या विझवणारी औषधं, माणसांत तशी चाललेली नाहीत. साखर मात्र आटोक्यात ठेवण्याचा पुरावा भक्कम आहे. टाइप १ च्या रुग्णांवरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यांचा पडदा सुरुवातीला चांगला होता त्यांच्यात पडदा बिघडण्याचा धोका काटेकोर नियंत्रणामुळे ७६ टक्क्यांनी घटला. पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी फरक कैक वर्षं टिकला. सुरुवातीच्या वर्षांची साखर पेशी विसरत नाहीत.

गॉगल लावून मोटारसायकलवर मागे बसलेल्या मामांनी विचारलं, "आता कडक पथ्य पाळलं तर ठिपके जातील का रं?" सुरुवातीचे ठिपके कधी कधी पुसले जातात, असं मी सांगितलं. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत, हे घरी पोचल्यावर सांगितलं.