ठोकळे बसवण्याच्या खेळातले डाव कुठून आले

दिवाळीनंतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. नंबर येईपर्यंत पोरं मोबाईलवर ८ बाय ८ च्या चौकटीत ठोकळे बसवत असतात, आणि त्यांचे बापही. या बापांपैकी कित्येकांनी लहानपणी बहिरमसारख्या यात्रेतून हातात मावणारा ब्रिक गेम आणलेला असतो. दोन्ही खेळ एकाच घराण्यातले, म्हणून जुन्या सवयी नव्या खेळात चालतील असं वाटतं. त्या चालत नाहीत, आणि त्याचं कारण या घराण्याच्या इतिहासात आहे.

मुळात हा खेळ घाईचा नव्हताच. १९०७ साली इंग्लंडचे कोडेकार हेन्री ड्यूडनी यांनी फुटलेल्या बुद्धिबळ पटाचं कोडं छापलं. पाच-पाच घरांचे १२ वेगवेगळे तुकडे आणि चार घरांचा एक चौरस, एवढ्यांतून ६४ घरांचा पट जुळवायचा. १९५३ मध्ये गणिती सॉलोमन गोलोम्ब यांनी हार्वर्डमधल्या व्याख्यानात अशा तुकड्यांना ‘पॉलिओमिनो’ हे नाव दिलं, आणि १९५७ पासून लेखक मार्टिन गार्डनर यांच्या एका मासिकातल्या गणिताच्या सदराने ते घरोघरी पोचवले. पाच घरांच्या १२ तुकड्यांनी ६ बाय १० चा आयत २,३३९ प्रकारे भरतो.

या काळाची मला सगळ्यात मोलाची वाटणारी देणगी म्हणजे रंगांची युक्ती. चौकटीची वही घ्या, ४ बाय ७ चा आयत आखा आणि घरं बुद्धिबळासारखी काळी-पांढरी करा. १४ काळी, १४ पांढरी. आता ब्रिक गेममधले चार-चार घरांचे सातही ठोकळे एकेकदा वापरून तो भरायचा प्रयत्न करा. घरांची बेरीज २८, म्हणजे हिशेब बरोबर जुळतो. तरी तो कधीच भरणार नाही. सहा ठोकळे दोन काळी आणि दोन पांढरी घरं झाकतात. ‘टी’ आकाराचा ठोकळा मात्र एका रंगाची तीन आणि दुसऱ्याचं एकच झाकतो. बेरीज १५-१३ होते. जागा पुरेशी असून ठोकळा का बसत नाही, याचं इतकं स्वच्छ उत्तर दुसरं नाही.

१९८४ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी पाच घरांऐवजी चार घरांचे ठोकळे घेतले, ते वरून पडते केले आणि भरलेली ओळ पुसून टाकली. हाच टेट्रिस. १९८९ मध्ये गेम बॉय या हातात धरायच्या खेळयंत्रासोबत तो जगभर गेला आणि त्याचीच स्वस्त नक्कल ब्रिक गेम म्हणून आपल्या यात्रांमध्ये आली. इथला डाव ठरलेला: थर सपाट ठेवा, कडेला एक उभी पोकळी राखा, लांब दांडीची वाट पाहा. पोकळी झाकली गेली की वरची ओळ पुसल्याशिवाय सुटका नाही.

२०१४ मध्ये इस्तंबूलच्या कंपनीचा १०१० हा खेळ आला. त्यात घड्याळ गेलं, पडणं गेलं, ठोकळा फिरवणंही गेलं. १० बाय १० ची चौकट, एका वेळी तीन ठोकळे, आणि ओळीसोबत उभा स्तंभही पुसला जाऊ लागला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि या वळणाचे खेळ, पोरांचा ८ बाय ८ चाही, गावोगावच्या फोनवर पोचले.

चौफुलीच्या, म्हणजे दोन्हीकडून सरळ ओळीत लावलेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) तण काढायचा डवरा उभा-आडवा दोन्हीकडून चालतो, तसंच इथे झालं. अडकलेलं एकटं घर आता कायमचं बुजत नाही. शेजारचा स्तंभ पुसला की ते बाजूने उघडतं. पण कडेची पोकळी राखून दांडीची वाट पाहणारा इथे लवकर हरतो, कारण त्याच्या वाट्याला ३ बाय ३ चा चौरस येतो आणि तो त्या अरुंद पोकळीत मावत नाही. म्हणून आधी त्या चौरसाची जागा मोकळी ठेवावी, नंतर गुणांचं पाहावं. तीन ठोकळ्यांचा क्रम आपल्या हातात असतो, हे बरेच जण विसरतात. जो ठोकळा ओळ पुसतो तो आधी ठेवला तर उरलेल्या दोघांना जागा होते. तोच शेवटी ठेवायला गेलं तर बरेचदा मधल्यावरच खेळ संपतो.