युजर प्रोफाइल व फोल्डर-समक्रमण, लहान कार्यालयातील

लॅनने (कार्यालयापुरत्या नेटवर्कने) जोडलेल्या पाच-पंचवीस संगणकांच्या कार्यालयात कोणीही कोणत्याही संगणकावर बसले, तरी त्याला आपली नेहमीची मांडणी व आपल्या फाइली मिळाव्यात आणि दोन जागी असलेल्या प्रतींत तफावत पडू नये, यासाठी केलेली व्यवस्था. ‘समक्रमण’ हा शब्द छापील मजकुरापुरताच राहिला आहे. मुंबईत फोर्ट किंवा मशीद बंदरच्या पेढ्यांत ‘सिंक’ आणि ‘सर्व्हरवर टाक’ हेच ऐकू येते. हा ‘सर्व्हर’ पुष्कळदा पोटमाळ्यावर ठेवलेला, कधीही बंद न होणारा साधा पीसी असतो.

उगमाबद्दल एकवाक्यता नाही. एक मत ही कल्पना एमआयटीच्या ‘अथेना’ प्रकल्पापर्यंत (१९८३) मागे नेते. तेथे विद्यार्थी आवारातील कोणत्याही यंत्रावर बसला, तरी त्याचे होम फोल्डर त्याला मिळे. दुसरे मत तिची सुरुवात विंडोज एनटी या कार्यालयीन वापराच्या विंडोजपासून धरते. दोन्ही मते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत, असे मानणे अधिक सयुक्तिक. अथेनात फाइली मध्यवर्ती यंत्रावरच राहत आणि तेथूनच वाचल्या जात. एनटीच्या फिरत्या प्रोफाइलमध्ये त्यांची नक्कल स्थानिक डिस्कवर उतरते व काम संपल्यावर परत जाते. नेटवर्क तुटलेले असतानाही काम चालू ठेवण्याचा विचार तिसऱ्याच घराण्यातला आहे. महादेव सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून घडलेल्या ‘कोडा’ या फाइल-प्रणालीत तो प्रथम नीट मांडला गेला. विंडोज ९५ मधील ‘ब्रीफकेस’ला (दोन संगणकांतील प्रती सांगितल्यावर जुळवणाऱ्या फोल्डरला) या परंपरेत कधी कधी स्थान दिले जाते, पण ती फार तर दूरची नातलग म्हणावी लागेल. बदललेला भागच तेवढा पाठवणारे ‘आरसिंक’ १९९६ चे आहे. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी ते लिहिले.

एनटी ४.० (१९९६) पासून प्रोफाइल म्हणजे एक फोल्डर आणि त्यात ‘एनटीयूजर.डॅट’ ही रजिस्ट्रीची, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची, फाइल, असे रूप स्थिरावले. लॉगिनला सर्व्हरवरचे फोल्डर उतरते, लॉगऑफला बदल वर चढतात. एकच माणूस दोन संगणकांवर एकाच वेळी बसला असेल, तर या रजिस्ट्री-फाइलबाबत शेवटी लॉगऑफ होणारा जिंकतो. व्हिस्टापासून विंडोजच्या आवृत्तीनुसार फोल्डरच्या नावाला शेपूट लागू लागली: व्हिस्टा व ७ ला ‘.व्ही२’, ८ ला ‘.व्ही३’, ८.१ ला ‘.व्ही४’, आरंभीच्या १० ला ‘.व्ही५’, तर १० च्या १६०७ आवृत्तीपासून पुढे ‘.व्ही६’. जुने-नवे संगणक मिसळलेल्या कार्यालयात त्यामुळे एकाच कारकुनाची दोन-तीन प्रोफाइले सर्व्हरवर नांदतात आणि एकातला बदल दुसऱ्यात दिसत नाही.

विंडोज २००० सोबत आलेले फोल्डर-पुनर्निर्देशन हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. यात ‘डॉक्युमेंट्स’, ‘डेस्कटॉप’ ही फोल्डरे मुळातच सर्व्हरवर असतात. त्याच आवृत्तीतील ‘ऑफलाइन फाइल्स’मुळे त्यांची स्थानिक प्रत राहते. प्रोफाइल हलके राहणे हा खरा लाभ. एरवी, म्हणजे फोल्डरे प्रोफाइलबरोबर फिरत असताना, डेस्कटॉपवर तीन जीबी साठवणारा कर्मचारी नव्या संगणकावर बसला, तर १०० एमबीपीएसच्या जोडणीवर आदर्श स्थितीतही चार मिनिटे जातात. सर्व्हरची जोडणी तेवढीच असेल आणि सकाळी साडेदहाला असे बारा जण एकदम आले, तर पाऊण तास. प्रोफाइलमधील ‘अ‍ॅपडेटा’ या प्रोग्रॅमांच्या फोल्डरातील ‘लोकल’ भाग मात्र फिरत नाही. एकट्या वापरकर्त्यापुरते बसवलेले फाँट तेथेच जातात, त्यामुळे जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटातले पत्र शेजारच्या टेबलावर उघडले की अगम्य चिन्हे दिसतात.

या सर्वाला डोमेन, म्हणजे सर्व खाती व पासवर्ड एका सर्व्हरवरून सांभाळण्याची सोय, लागते आणि विंडोजच्या होम आवृत्तीचा संगणक डोमेनला जोडता येत नाही. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तात आणलेल्या लॅपटॉपवर बहुधा हीच आवृत्ती निघते. मग प्रत्येक यंत्रावर तेच नाव, तोच पासवर्ड आणि एक ‘झेड ड्राइव्ह’ (झेड अक्षराने जोडलेले सामायिक फोल्डर), एवढ्यावर भागवले जाते. साध्या विंडोजला शेअरिंगसाठी एका वेळी जोडता येणारी यंत्रेही मर्यादित आहेत: एक्सपी प्रोफेशनलला १०, विंडोज ७ पासून २०.

देवनागरी फाइलनावांचा प्रश्न परदेशी पुस्तिकांत येत नाही, म्हणून येथे थोडा विस्तार. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल-प्रणालीत नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, तर लिनक्सवर चालणाऱ्या नॅस पेटीतील (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीतील) ‘एक्सटी४’मध्ये २५५ बाइटांची. यूटीएफ-८ या तेथील अक्षर-साठवणीच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्रीय’ डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण त्याचे २७ बाइट होतात. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ ही शेपटीच ९३ बाइटांची. फोल्डर ‘ईक्रिप्टएफएस’ने कूटबद्ध केलेले असेल तर मर्यादा १४३ वर येते, मग संस्थेच्या नावाला आणि वर्षाला मिळून जेमतेम सोळा चिन्हे उरतात. विंडोजवर बिनतक्रार सेव्ह झालेली ताळेबंदाची फाइल नॅसवर चढत नाही ती अशाने.

दुसरी अडचण खास मराठी आहे. ‘दुसऱ्या हप्त्याचे बिल’ या नावातील ‘ऱ्या’ तीन प्रकारे साठवला जातो: स्वतंत्र ‘ऱ’ने, ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडक-चिन्ह वापरून. मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली पहिला प्रकार दुसऱ्यात मोडून ठेवत असे. हे दोन प्रकार युनिकोडच्या प्रमाणीकरणाने एक करता येतात, तिसरा येत नाही. परिणामी एकाच फोल्डरमध्ये हुबेहूब एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात, आणि बिल नेमके कोणत्या फाइलमध्ये दुरुस्त केले, हे तारीख पाहूनच कळते.

समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे. एका जागी पुसलेली फाइल दुसऱ्या जागीही इमानाने पुसली जाते. आउटलुकच्या, ईमेल साठवणाऱ्या पीएसटी फाइली आणि टॅलीचा चालू डेटा सिंकच्या फोल्डरात ठेवू नये; उघड्या फाइलची अर्धवट प्रत जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. अशा दिवशी तळमजल्यावरच्या दोन टेबलांवरील दोन प्रती एकाच पाण्यात जातात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराची वीज काही तास गेली. अशा वेळी ज्यांच्याकडे ऑफलाइन प्रत असते त्यांचे लॅपटॉप बॅटरी टिकेपर्यंत कामाचे राहतात. इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर रोज असावा, असे कंपन्यांच्या लेखाविषयक नियमांत २०२२ च्या दुरुस्तीने आले. त्यापूर्वी ‘ठरावीक काळाने’ पुरत असे.

बिघडलेले प्रोफाइल ‘युजर्स’मधून हाताने पुसण्याची चाल एएमसीवाल्यांत (वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्यांत) आहे. रजिस्ट्रीच्या ‘प्रोफाइललिस्ट’मधली नोंद तशीच राहते आणि पुढच्या लॉगिनला तात्पुरते, रिकामे प्रोफाइल उघडते. त्या दिवशी डेस्कटॉपवर ठेवलेले सर्व काही लॉगऑफबरोबर जाते. सिस्टिमच्या प्रगत गुणधर्मांतील ‘युजर प्रोफाइल्स’च्या यादीतून काढले, तर फोल्डर व नोंद दोन्ही एकदम जातात.