कंपवात : औषधे, पर्याय आणि निर्णय

कंपवात किंवा पार्किन्सन हा मेंदूचा सावकाश वाढत जाणारा आजार. मध्यमेंदूतील सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरू लागतात, त्यांच्याकडून मिळणारे डोपामिन कमी पडते आणि हालचालींचे गणित बिघडते. थरथर, ताठरपणा, मंदावलेली चाल ही डोळ्यांना दिसणारी लक्षणे. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणे ही मात्र कधीकधी त्याच्या कित्येक वर्षे आधीच येऊन बसलेली असतात. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले. थरथर सगळ्यांनाच असते असे नाही, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसते.

आजार मुळापासून बरा करणारे किंवा त्याची वाढ खात्रीने थांबवणारे औषध आज उपलब्ध नाही. आहेत ती औषधे लक्षणे आटोक्यात ठेवतात. म्हणून औषध कधी सुरू करायचे याचे उत्तर तपासणीच्या कागदावर सापडत नाही, ते माणसाच्या दिवसात शोधावे लागते. सदऱ्याच्या वरच्या बटणापाशी दहा मिनिटे जाऊ लागली, सही बारीक होत होत बँकेला ओळखू येईनाशी झाली, काम सोडण्याचा विचार मनात येऊ लागला, की वेळ आली असे समजावे. त्रास किरकोळ असेल तर काही काळ थांबायलाही हरकत नसते.

लेव्होडोपा हे आजही सर्वांत प्रभावी औषध आहे. मेंदूत डोपामिन कमी पडते हे १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी दाखवले. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे डोपा देऊन, मात्रा हळूहळू वाढवत, जखडलेल्या रुग्णांना चालते केले. डोपामिन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही, लेव्होडोपा शिरते आणि तिथे त्याचे डोपामिन होते. वाटेतच ते वाया जाऊ नये आणि मळमळ कमी व्हावी म्हणून गोळीत कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड मिसळलेले असते.

या औषधाबद्दल एक समज फार खोल रुजला आहे : ते काही वर्षेच काम करते, तेव्हा जपून ठेवावे. या समजापायी माणसे चालता येण्याची, काम करण्याची चांगली वर्षे अडखळत काढतात, आणि याचे वाईट वाटते. नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिले, उरलेल्यांना ४० आठवड्यांनी. ८० आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक नव्हता. म्हणजे लवकर सुरू केल्याने आजार थांबला नाही, पण बिघडलाही नाही. घाना आणि इटलीतील रुग्णांची तुलनाही बोलकी आहे. घानातल्या रुग्णांना औषध उशिरा मिळाले होते, तरी अंगाची अनावर वळवळ आणि औषधाच्या परिणामातले चढउतार सुरू झाले ते आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर. त्यांचा संबंध औषध किती वर्षे घेतले याच्याशी नव्हता. आजार किती जुना आणि रोजची मात्रा किती, याच्याशी होता.

हे चढउतार म्हणजे पुढच्या वर्षांतले रोजचे जगणे. लेव्होडोपा रक्तात दीड तासात निम्मे होते. सुरुवातीला मेंदू ते साठवून पुरवून वापरतो, पुढे ही साठवण कमी होते आणि दिवस ‘ऑन’ व ‘ऑफ’ अशा तुकड्यांत विभागला जातो. गोळी घेऊन खुर्चीत बसलेला माणूस पाऊण तास वाट पाहतो, मग पाय हलके होतात, आवाज उमटतो, आणि पुढच्या गोळीच्या अर्धा तास आधी दाराच्या उंबऱ्यावर पाय जमिनीला चिकटल्यासारखा थबकतो. अशा वेळी मागून ‘चला, चला’ म्हणू नये. जमिनीवरची एखादी रेघ ओलांडायला सांगितले किंवा ताल दिला तर पाऊल सुटते. जेवणातली प्रथिने लेव्होडोपाच्या शोषणात आड येतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतलेली बरी. पुष्कळदा मात्रा न वाढवता नुसते घड्याळ बदलूनही दिवस सुधारतो.

प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधे आणि मेंदूतले डोपामिन लवकर मोडू न देणाऱ्या रासाजिलिनसारख्या गोळ्या हे आणखी मार्ग. नक्कल करणाऱ्या औषधांबद्दल घरच्यांना आधीच स्पष्ट सांगायला हवे : काही जणांना जुगाराची, खरेदीची किंवा कामवासनेची अनावर ओढ लागते. हा स्वभावदोष नव्हे, औषधाचा परिणाम आहे. लाजेपोटी तो लपवला जातो, आणि कित्येक संसार कारण न कळताच विस्कटतात.

पर्यायांमध्ये खाजकुहिलीच्या बिया, म्हणजे कवचबीज, वेगळ्या उभ्या राहतात, कारण त्यांत खरोखर लेव्होडोपा असते. दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ मध्येच दाखवले. तेव्हा ‘गोळी नको, कवचबीज घेतो’ म्हणणारा माणूस तेच औषध, कार्बिडोपाशिवाय आणि मात्रा नेमकी न कळता, घेत असतो. बोलिव्हियात १८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत भाजलेल्या बियांच्या पुडीने चांगला गुण आला. पण पुढे १६ आठवडे ती घेऊन पाहणाऱ्या १४ पैकी निम्म्यांनी पोटाच्या तक्रारींमुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे ती सोडली. गोळीच्या जोडीला गुपचूप घेतली तर एकूण मात्रा वाढते आणि डॉक्टरांचा हिशेब चुकतो. घ्यायचीच असेल तर सांगून घ्यावी. पूरक म्हणून घेतले जाणारे कोएन्झाइम क्यू-१० मात्र ६०० रुग्णांच्या चाचणीत निरुपयोगी ठरले.

तरीही ‘मला गुण आला’ म्हणणारा खोटे बोलत नसतो. या आजारात नुसत्या विश्वासानेही मेंदूत डोपामिन सुटते, हे २००१ मध्ये मेंदूच्या प्रतिमांतून दिसले. २०१५ च्या एका प्रयोगात १२ रुग्णांना दोनदा साधे मीठपाणीच टोचले. एक औषध १०० डॉलरचे, दुसरे १,५०० डॉलरचे असे सांगितले, तर महागड्याने हालचाली अधिक सुधारल्या. म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याच्या निर्णयाला पुरत नाही.

व्यायामाचे तसे नाही. तो औषधाच्या जागी येत नाही, पण त्याला तोड नाही. २०१२ मध्ये १९५ रुग्णांच्या चाचणीत ताई ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडणे कमी झाले. मेंदूत तारा बसवण्याची शस्त्रक्रिया ही, लेव्होडोपाला प्रतिसाद असूनही चढउतार आवरेनासे झालेल्या निवडक रुग्णांसाठी.

कोणताही पर्याय निवडला तरी चालू गोळ्या एकदम बंद करू नयेत. तीव्र ताप, लाकडासारखा ताठरपणा आणि बेशुद्धी येऊन जिवावर बेतू शकते. उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड आणि मनोविकारावरचे हॅलोपेरिडॉल लक्षणे वाढवतात, म्हणून दुसऱ्या कारणाने रुग्णालयात जातानाही गोळ्यांची यादी वेळांसकट खिशात असावी.

स्वमदत गटांत रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. भेटीआधी आठवडाभर शुभंकराने तासागणिक टिपण ठेवावे : गोळी कधी घेतली, कधी लागू पडली, कधी उतरली, कधी वळवळ झाली. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत शुभार्थी नेमका ‘ऑन’ असेल तर डॉक्टरांना त्याचे बरे तासच दिसतात, बाकीचे तास या टिपणात असतात.